हात गरम करून

अंगणवाडीत तपासणीची गाडी आली तेव्हा
पत्र्यावर वाळत घातलेल्या कुरड्या माकडांनी पळवल्या,
सगळ्या बायका तिकडं धावल्या,
बरंच झालं.
डॉक्टरीणबाईनं आधी आपले तळवे एकमेकांवर घासले.
म्हणाली, थंड हात लागला की ती वर पळते.
मग तांदळात खडा शोधावा
तसं दोन बोटांनी शोधत राहिली.
उजवीकडं आहे.
डावीकडं पुन्हा हात घासले, पुन्हा शोधलं.
कार्डावर एक लांब शब्द लिहिला,
लेकरू चौदा महिन्यांचं.

खरं सांगू, मला माहीत होतं.
न्हाऊ घालणारीला सगळं माहीत असतं.
तेल लावताना डावी बाजू
रिकाम्या खिशासारखी लागायची
आणि मी घाईनं टॉवेल गुंडाळायची.

रात्री प्रफुल्लला कसं सांगू?
घरात त्याला शब्दच नव्हता.
सम्यकची एक गोटी खाली आली नाही, म्हटलं,
आणि पदर तोंडाला लावला,
हसू आलं म्हणून, की कशामुळं, ठाऊक नाही.
तो नर्सरीतून आला होता, बोटांना चिकाचा वास.
जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधतो,
दिवसाला चारशे.
म्हणाला, "उतरन ना. डोळा फुटाले टाइम लागते."
मी म्हटलं, बाई म्हणाली सहा महिन्यांनंतर
आपोआप येत नाही. दीड वर्षाच्या आत करून घ्या.
तो कूस बदलून म्हणाला,
"कापाकापी? एवढ्याश्या जिवाले?"

ग्रहण आम्ही मानत नाही.
तरी आत्याबाई बोलून गेल्या
त्या रात्री मी बोटांवर महिने मोजले.
कुठल्या महिन्यात काय चिरलं, काय उचललं,
कोणत्या दिवशी उपाशी होते.
सकाळी चुलीवर हात शेकून
मीच शोधू लागले.
रोज. आठ दिवस.
सम्यकला गुदगुल्या व्हायच्या. तो हसायचा.

श्रावणभाऊ माझे चुलत भासरे.
लग्नाला सात वर्षं झाली,
माझ्याशी एक शब्द नाही, रिवाजच तसा.
लग्न केलं नाही त्यांनी. का, कोणी विचारत नाही.
त्या संध्याकाळी अंगणात बसले,
मी आत भाकरी थापत होते, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं
प्रफुल्लला म्हणाले,
"माहीबी एकच होती. कोणी पायलंच नाई.
मायले वाटलं, मोठा झाल्यावर होईन.
मंग मोठा झालो."
बराच वेळ कोणी बोललं नाही.
तव्यावरची भाकरी करपली, मी उलटवली नाही.
मग खिशातून घडी केलेले हजार रुपये काढले,
खाटेवर ठेवले.
"गाडीचं भाडं. उद्या जा."

अमरावतीला पहाटेपासून दूध बंद.
सम्यक माझी छाती ओरबाडत रडला,
आणि मी त्याला माझ्या छातीपासूनच लांब धरलं,
हे कोणाला सांगता येत नाही.
हिरव्या कपड्यातला माणूस त्याला घेऊन गेला.
दार बंद झालं. त्याची एक चप्पल
माझ्या हातात राहिली, चालली की वाजणारी.
प्रफुल्लनं ती दाबली. वाजली.
पुन्हा दाबली नाही.

टाका दोनच बोटांएवढा.
घरी येऊन प्रफुल्लनं कॅलेंडरवर
एकवीस दिवसांवर गोल केला.
डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं.
डोळा बांधला की एकवीस दिवस
पट्टी सोडायची नसते, एवढंच त्याला माहीत.
या दिवसांत संध्याकाळी आला की
अंगणात उभा राहून तळवे घासायचा,
मग लेकराला घ्यायचा.
तपासायला नाही. नुसतं घ्यायला.

काल सम्यक उघडाच पळाला बाहेर,
पाय थोडे फाकवून, अजून सवय गेली नाही.
श्रावणभाऊ सायकल धूत होते.
तो त्यांच्यासमोर थांबला
आणि थेट चाकावर धार सोडली.
मी धावले, पदर डोक्यावर ओढत.
भाऊ मागं सरकले, चाकाकडं पाहिलं,
मग सात वर्षांत पहिल्यांदा
माझ्याकडं तोंड करून म्हणाले,
"बाई, पोट्टं लय दूर मुतते."